आज्जाला धारवाड, आज्जीला सांगली, आईला पणजी

प्रश्न : सर, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव खानापूरकडचं. मोबाईलवर एक ओपन सोर्स म्युझिक प्लेअर वापरतो, जाहिराती नाहीत, कोड उघडून बघता येतो, म्हणून म्हटलं त्याच्यात इंटरनेट रेडिओ घालून बघू. कारण असं की आज्जाचा ट्रान्झिस्टर आता नुसता खरखरतो, त्याला धारवाड पाहिजे, आज्जीला सांगली, आणि आई गोव्याची, तिला पणजी. रेडिओ ब्राउझरच्या फुकट डेटाबेसवरनं यादी आणली तर हजारो स्टेशनं आली, स्क्रोल करून बोट दुखलं. राज्य कर्नाटक लावलं की सांगली गायब, महाराष्ट्र लावलं की धारवाड गायब. वर काही स्टेशनं लॅपटॉपवर झकास वाजतात खरं मोबाईलवर नुसतं गोल फिरत बसतंय. काय चुकलं?

उत्तर : चुकलं काही नाही, खरं पहिल्यांदा तो राज्याचा फिल्टर काढून टाक की. पुण्या-मुंबईला तो चालेल, आपल्याकडं नाही. धारवाडचं मीडियम वेव्ह ७६५ किलोहर्ट्झवर, ते काही सीमा बघून थांबत नव्हतं, आज्जा काटा फिरवायचा आणि जे लागेल ते ऐकायचा. तुझ्या यादीनंही तसंच वागायला पाहिजे. भाषेचा फिल्टर ठेव, आणि एकाच वेळी दोन-तीन भाषांवर टिकमार्क करता यावा असा ठेव, मराठी, कन्नड, कोंकणी. आपल्याकडं एका घरात तिन्ही लागतात.

भाषेवर पण पूर्ण भरवसा ठेवू नको. ही माहिती लोकांनी लोकांसाठी भरलेली आहे, त्यामुळं कुणी भाषेचा रकाना रिकामा सोडतं, कुणी मराठी स्टेशनला हिंदी लिहितं. नावांचा तर घोळच घोळ. आकाशवाणीनं २०२३ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव सोडून फक्त आकाशवाणी म्हणायचं ठरवलं, खरं जुन्या नोंदी जुन्याच राहतात, म्हणजे एकच स्टेशन एआयआर, ऑल इंडिया रेडिओ आणि आकाशवाणी अशा तीन नावांनी सापडू शकतं. त्यात शोधणारा देवनागरीत सांगली टाइप करणार आणि नोंद रोमनमध्ये असणार, मग काय सापडणार कपाळ? बेळगाव-बेळगावी, पणजी-पणजिम अशा जोड्यांची एक छोटी फाइल करून प्लेअरमध्येच ठेव. तासाभराचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होईल.

हजारो स्टेशनं एकदम आणायचीच कशाला? लिमिट (एका वेळी किती) आणि ऑफसेट (कितव्यापासनं) देऊन पन्नास-पन्नास आण, हाइड-ब्रोकन चालू कर म्हणजे शेवटच्या तपासणीत बंद निघालेली येणार नाहीत, आणि ऑर्डर क्लिक-काउंटवर, म्हणजे कुठलं किती वेळा वाजवलं त्यावर ठेव. आपल्या प्लेअरमधनं कुणी स्टेशन वाजवलं की ती क्लिक परत त्या सर्व्हरला कळवायची सोय आहे, ती विसरू नको, आपण नुसतं घेतच बसलो तर कसं. युजर-एजंटमध्ये, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख सांगणाऱ्या ओळीत, प्लेअरचं नाव घाल. एकाच सर्व्हरचा पत्ता कोडमध्ये ठोकून टाकू नको, डीएनएसमधनं, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतनं, चालू सर्व्हरांची यादी मिळते, त्यातला एक उचल, नाहीतर तो बंद पडला की तुझा रेडिओ पण बंद.

आता ते गोल फिरणं. पत्ता नीट बघ, एचटीटीपीनं सुरू होतोय की एचटीटीपीएसनं? अँड्रॉइड ९ पासून साधं, म्हणजे कुलूप नसलेलं एचटीटीपी डीफॉल्टनं अडवलेलं असतं, आणि छोटी-जुनी स्टेशनं अजून तसलीच. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपला काय काय लागतं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, क्लिअरटेक्स्ट म्हणजे असल्या साध्या ट्रॅफिकला परवानगी दिलीस की वाजतील. तरीबी काही अडली तर पत्त्याच्या शेवटी एम-थ्री-यू-एट आहे काय बघ, तो एचएलएस प्रकार, आवाज छोट्या तुकड्यांत पाठवणारा, एक्सोप्लेअरला (अँड्रॉइडवर आवाज वाजवणारी लायब्ररी) त्याचं मॉड्यूल वेगळं जोडावं लागतं. तासभर कोड तपासत बसशील आणि बिल्ड फाइलमध्ये एक ओळ कमी निघेल, माझं स्वतःचं असंच झालं होतं.

आणि हे सगळं मेंटेनरला, म्हणजे प्लेअरचा कोड सांभाळणाऱ्याला, पाठवायच्या आधी एकदा विचार त्यांना. हा प्लेअर मोबाईलमधली गाणी वाजवणारा, बरोबर? मग त्यानं इंटरनेटची परमिशन आजवर मागितलीच नसेल, आणि बरेच लोक नेमक्या त्याच कारणानं असला प्लेअर घेतात. तू रेडिओ घातलास की ती परमिशन सगळ्यांच्याच मोबाईलवर आली, आणि ती इन्स्टॉल करतानाच आपोआप मिळते, वापरणाऱ्याला कुणी विचारत नाही. मेंटेनर नको म्हणाला तर रागवू नको. रेडिओवाला बिल्ड, म्हणजे तयार अ‍ॅप, वेगळा ठेवूया काय, असं आधीच सुचव.

राहिला आज्जा. त्याला यादी दाखवूच नको. पहिल्याच स्क्रीनवर तीन मोठी बटणं, धारवाड, सांगली, पणजी. शहापूरच्या आमच्या मामाला मी चांदणीवालं फेव्हरेट करून दिलं होतं, त्यानं दुसऱ्यांदा चांदणी दाबली आणि स्टेशनच उडालं, रात्री साडेनऊला फोन, "तुझा रेडिओ मेला रे." आज्जाच्या बटणावर काढून टाकायची सोयच ठेवू नको.

प्रश्न : मी निपाणीत घरीच शिवणकाम करते, दिवसाला चार तास मोबाईलवर रेडिओ चालू असतो. डेटा किती जातो? आणि वेळ सांगतात ती मागं का असते?

उत्तर : ताई, १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट) स्टेशन तासाला साधारण ५८ एमबी खातं, म्हणजे तुमचे चार तास धरून महिन्याला सात जीबीच्या आसपास. त्याच स्टेशनचा ६४ केबीपीएसचा पत्ता यादीत असेल तर तो लावा, खर्च निम्मा, आणि बोलण्याच्या कार्यक्रमाला मशिनच्या आवाजात फरक कळायचापण नाही.

वेळेचं म्हणाल तर नेटवर आवाज आधी थोडा साठवतात आणि मग वाजवतात, म्हणून तो ट्रान्झिस्टरच्या मागंच राहतो, कधी काही सेकंद तर कधी अर्धा मिनिट. त्याच्यावरनं भिंतीवरचं घड्याळ तेवढं लावू नका.