वचक बसत नाही म्हणून आलेला सुपरवायझर

"मॅडम, माझा वचकच बसत नाही. कडक कसं व्हायचं ते सांगा."

नुकती बढती मिळालेल्यांकडून हे मी वरचेवर ऐकते. हा चाकणकडच्या एका कारखान्यातला सुपरवायझर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं डबा खाल्ला, त्यांच्याकडूनच आता काम करून घ्यायचं होतं. तीन महिने त्याने आवाज चढवून पाहिला. लाइन चिडीचूप झाली. मग एक दिवस भंगाराच्या पिंपात, चिंध्यांखाली दडवलेले अकरा रिजेक्ट जॉब, म्हणजे बिघडलेले सुटे भाग, सापडले. हे सांगताना तो एकेक बोट मोडत होता.

"मशीन अडलं की पोरं कोणाकडे जातात?" मी विचारलं.

"मामांकडे." उत्तर लगेच आलं. मामा म्हणजे निवृत्तीला आलेले फिटर. हुद्दा काही नाही.

"मामांचा आवाज कधी चढलेला ऐकलाय?"

तो गप्प बसला.

कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकात मांडलं. भीतीची ती उतरंड माणसांतही आहे. पण माणसाला वर जायची आणखी एक वाट आहे. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या मानववंशशास्त्रज्ञांनी २००१ साली ती वेगळी करून दाखवली: ज्याच्याकडून शिकण्यासारखं असतं, त्याला लोक आपणहून मोठेपणा देतात. आपल्या बोलण्यात हा फरक आहेच. वचक बसवावा लागतो, मान मिळतो.

दराऱ्याने काम होत नाही असं मी त्याला सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. आग लागली तर हुकूमच लागतो. पण घाबरलेला माणूस लांब राहतो, नजर चुकवतो, चूक लपवतो. शिकायला आलेला जवळ येऊन उभा राहतो. या सुपरवायझरला रिजेक्शन कमी करायचं होतं, आणि त्यासाठी माणसं जवळ यायला हवी होती.

मी सुचवलं, रोज एक गोष्ट मामांना सगळ्यांदेखत विचारायची. तो उसळलाच. "मग मी साहेब कसला?" त्या प्रश्नावर आमच्या दोन भेटी गेल्या. लहानपणी घरात वडिलांच्या चपलांचा आवाज आला की सगळे उठून उभे राहायचे, मोठेपणाचं तेवढंच रूप त्याने पाहिलं होतं.

गेल्या आठवड्यात तो आला. टूल झिजलं की मशीनचा आवाज कसा बदलतो, ते मामांनी त्याला कान लावून ऐकायला शिकवलं होतं. एका ट्रेनी पोराने बिघडलेला जॉब स्वतःहून हातात आणून दिला होता. घरी मुलावर मात्र आवाज अजून चढतो, म्हणाला. पुढच्या भेटीत तिथून सुरुवात करायची आहे.