बिनपासिंगची गाडी घ्यावी का?

प्रश्न : सर, मी गंगाखेडला कापड दुकानात कामाला जाते. गाव नऊ किलोमीटरवर आहे. अर्धा रस्ता डांबरी, बाकीचा काळ्या रानातून. लेक अकरावीला आहे, तीही सकाळी माझ्यासोबतच येते. ऑटो भरल्याशिवाय सुटत नाही, रोज उशीर होतो आणि मालकाची बोलणी खावी लागतात. माझ्या दिरांनी परभणीत चायनाची बॅटरीवरची स्कूटर बघून ठेवली आहे. किंमत ४२ हजार, पाच बॅटऱ्या, ६० व्होल्ट. दुकानदार म्हणतो, पासिंग नको, लायसन नको, पेट्रोल नको, एका चार्जिंगला ६० किलोमीटर. वर म्हणतो, “ताई, एक वायर काढून देतो, ४०नं पळंल.” बचत गटाचं कर्ज मंजूर आहे. घेऊ का?
– एक भगिनी, ता. गंगाखेड

उत्तर : ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या रस्त्याला, दोन माणसं बसवून, ही गाडी घेऊ नका. गटाचं कर्ज दर महिन्याला फेडावं लागतं आणि गाडी दीड-दोन वर्षांत पुन्हा पैसे मागणार आहे, म्हणून मला तुमची काळजी वाटते.

सगळा हिशेब बॅटरीपाशी येऊन थांबतो. सीट उचलून खालचं झाकण काढायला लावा. आत काळ्या विटांसारख्या पाच बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या दिसतील. प्रत्येक १२ व्होल्टची, शिशाची, बहुधा २८ अँपिअर-अवरची. ६० गुणिले २८ म्हणजे १,६८० वॅट-अवर, पावणेदोन युनिटला थोडं कमी. तुमचं जाणं-येणं १८ किलोमीटर, त्याला भिंतीच्या बोर्डातून साधारण एक युनिट लागेल. युनिटचे सगळे आकार धरून १० रुपये समजू. पेट्रोलची स्कूटर लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं धरलं, तर त्याच अंतराला ३८ रुपये जातात. (परभणी जिल्ह्यातलं पेट्रोल राज्यात नेहमीच महागातलं, हे तुम्हाला सांगायला नको.) म्हणजे दिवसाला २८ रुपये वाचले, महिन्याच्या २५ दिवसांचे ७००.

आता बॅटरीचा संच. आज पाच बॅटऱ्यांना १४ हजारांच्या आसपास मोजावे लागतात. चांगली निगा राखून त्या २० महिने चालल्या, तर महिन्याला ७०० रुपयेच पडले. पेट्रोलचं जे वाचलं ते तिथंच गेलं. दुकानदार हा आकडा स्वतःहून सांगणार नाही. गाडीची किंमत विचारायच्या आधी “दुसऱ्या संचाला किती?” हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

वीस महिने तरी कुठून धरायचे? शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगतात. त्यापुढं दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो. दुकानाबाहेर पत्र्याच्या शेडखाली उभी केलेली गाडी दिवसभर भाजते, संध्याकाळी घरी आल्याबरोबर तापल्या बॅटरीला चार्जर लागतो. त्यातच गावातली डीपी जळाली की चार-चार दिवस वीज नाही आणि बॅटरी रिकामी पडून राहते. रिकामी पडलेली शिशाची बॅटरी आतून कडक होते, मग ती पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही. आयटीआयला विजेचा ट्रेड शिकवत होतो तेव्हा बॅटऱ्या कापून पोरांना प्लेटांवरचा तो पांढरा थर दाखवायचो.

६० किलोमीटरचं म्हणाल, तर ते एकटं हलकं माणूस, सपाट डांबरी आणि नवी बॅटरी असतानाचं. तुम्ही दोघी, दप्तर, डबे आणि पावसाळ्यातली काळी माती! ती माती दहा इंची चाकाच्या मडगार्डात गच्च बसते. मोटर २५० वॅटची. चिखलात चाक अडलं की कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारी पेटी, तापतो आणि गाडी जागेवर बसते. ओढ्याला पाणी असेल तर आणखी वाईट. मोटर मागच्या चाकातच असते आणि तिची वायर आसातून आत जाते. त्या वाटेनं पाणी शिरलं की सेन्सर जातात. मग गाडी झटके देत चालते, नाहीतर चालतच नाही. कंट्रोलर किंवा चार्जर दीड-दोन हजारांत मिळतो, पण बसवून देणारा गंगाखेडात आहे का? दर दिवाळीला नावं बदलणाऱ्या या गाड्या आहेत. सुटे भाग चीनमधून आणून इथं जोडतात. पुढच्या वर्षी त्याच मॉडेलचा मीटर किंवा पुढचं प्लास्टिक मिळेलच असं नाही.

वायरीचं तर अजिबात ऐकू नका. पासिंग नको, हे खरं आहे, पण अटींवर : मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. शिवाय पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं त्या मॉडेलला तसा दाखला दिलेला हवा. वायर काढून गाडी ४०नं पळाली, की कायद्याच्या हिशेबानं ती मोटार वाहन झाली. मग नंबर, लायसन, विमा, सगळं लागतं. २०२२ साली परिवहन विभागानं राज्यभर अशाच गाड्या पकडल्या होत्या. लेक अठराच्या आत असणार. तिच्या हातात अशी गाडी सापडली, तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड परवडला असं वाटावं इतकं वाईट पुढं आहे : कुणाला धडक बसली आणि विमा नसला, तर भरपाई तुमच्या घरातून जाते.

मग काय करायचं? त्याच ४०-४२ हजारांत पाच-सहा वर्षांची पेट्रोल स्कूटर बघा, पुढचं चाक बारा इंची असलेली. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलनं थकली आहेत का, विमा चालू आहे का, हे आधी तपासा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्या, आणि गाडी तुमच्या नावावर झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. इलेक्ट्रिकच हवी असेल तर सहा महिने थांबून, आणखी पैसे जमवून, लिथियम बॅटरीची, पासिंग होणारी घ्या. तीन किलोवॅटपर्यंतच्या अशा गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२च्या दरानं वर्षाला ४५७ रुपयांचा आहे आणि पेट्रोलचे वाचलेले पैसे तिथं खरोखर हातात राहतात. कोणतीही गाडी घ्या, पण बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच काढा. अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. आणि दोघींनाही हेल्मेट, ताई.

प्रश्न : माझ्याकडं अशीच गाडी चौदा महिन्यांपासून आहे. दुकान ते घर, बाजारपेठ, एवढाच वापर, समाधानी आहे. आता पाचपैकी एक बॅटरी गेली, असं मेस्त्री म्हणतो. एकच नवी टाकू का पूर्ण संच?
– एक किराणा व्यापारी, सेलू

उत्तर : तुमच्यासारख्या गावातल्या गावात फिरणाऱ्या माणसाला ही गाडी ठीकच आहे. आधी मेस्त्रीचं म्हणणं तपासून घ्या. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून दोन तास थांबा आणि मल्टिमीटरनं प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. मग दोन-तीन किलोमीटर फिरवून पुन्हा मोजा. चार १२.३-१२.४ला आणि एकच ११च्या खाली असेल, तर मेस्त्री बरोबर आहे. बोल्टवर हिरवट-पांढरी बुकटी साचली असेल तर आधी ती गरम पाण्यानं साफ करून बोल्ट आवळा. पुष्कळदा दोष तिथंच असतो.

जुन्या चौघींत कोरी नवी घालू नका. तिची ताकद वेगळी, चौघींची वेगळी, चार्जर मात्र सगळ्यांना एकच. दोन-चार महिन्यांत पुढची जुनी बॅटरी खाली बसेल आणि नवीचंही वाटोळं होईल. मेस्त्रीकडं तितक्याच अँपिअर-अवरची, वर्षभर वापरलेली चांगली बॅटरी असेल तर ती हजार रुपयांत बसवून घ्या आणि पुढचे काही महिने काढा. नसेल तर पूर्ण संच. जुन्या पाची बॅटऱ्या भंगारवाल्याला न विकता त्याच दुकानात द्या आणि शिशाचे पैसे बिलातून कमी करून घ्या. नव्या बॅटऱ्यांवर छापलेला महिना आणि वर्ष वाचा. गोदामात सहा-आठ महिने पडून असलेला माल असेल तर परत करा.