इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं चर्च आत जाऊन बघण्यासारखं असतं का? बघायचं तर काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे इप्सविचला दोन महिन्यांसाठी येताय, लंडनची मोठी चर्चेस मागच्या खेपेला झाली, आणि आता दुपारी रिकामा वेळ असेल तेव्हा आसपासच्या खेड्यांतली चर्चेस बघावीत का, आपल्याला आत सोडतात का, आणि आत नेमकं बघायचं काय. मी सफोकमध्ये, म्हणजे इप्सविच ज्या परगण्यात आहे तिथेच, नऊ वर्षं राहते. पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, धर्माने ख्रिस्ती नाही. तरी आतापर्यंत ऐंशी-नव्वद चर्चेस तरी पालथी घातली असतील, तेव्हा थोडं लांबण लावते.

आधी आत जाण्याचं. बहुतेक चर्चेस दिवसा उघडी असतात आणि आत चिटपाखरू नसतं. दाराला जाड लोखंडी कडी असते. ती फिरवून जोर लावायचा, कारण जुनी दारं अडकतात आणि आपल्याला वाटतं कुलूप आहे. मी पहिल्या वर्षी अशी तीन चर्चेस 'बंद आहेत' म्हणून सोडून आले. तिकीट नसतं, कोणी हटकत नाही, चपला-बूट काढायचे नसतात. माझी आई आली होती तेव्हा तिने सवयीने बूट काढलेच, आणि एप्रिलमधल्या त्या फरशीवर दोन मिनिटांत मुकाट्याने परत घातले. प्रार्थना चालू असेल तर मागे बसा, नाहीतर संपल्यावर या.

आता रचना. आपल्याला ही पटकन कळते, कारण सभामंडप आणि गाभारा हेच इथेही आहे. लोकांनी बसायचा लांब भाग म्हणजे नेव्ह, आणि त्याच्या पूर्वेला वेदी असलेला अरुंद भाग म्हणजे चान्सल. वेदी पूर्वेला, मनोरा बहुतेक पश्चिमेला. त्यामुळे ढगाळ दिवशीही दिशा चुकत नाहीत. पूर्वी चान्सलची डागडुजी पाद्र्याच्या बाजूने व्हायची आणि नेव्हची गावाने वर्गणीतून, म्हणून कित्येक ठिकाणी एक भाग थाटाचा आणि दुसरा कसातरी उभा असलेला दिसतो. दारातून शिरल्याशिरल्या दगडी फाँट असतो, म्हणजे बाप्तिस्म्याचं पात्र. तो दाराशी का, तर बाप्तिस्मा म्हणजे धर्मात प्रवेश, म्हणून तो प्रवेशाशीच.

एवढं कळलं की माझा एकच सल्ला: जे आहे ते तर बघाच, पण जे नाही ते शोधा. इंग्रजांनी स्वतःच्याच देवळांची मोडतोड केली आहे, तीही कायद्याने, हुकूम काढून. सोळाव्या शतकात एकदा आणि सतराव्यात पुन्हा. त्याच्या खुणा प्रत्येक चर्चमध्ये आहेत आणि कोणीही त्या लपवत नाही.

उदाहरणासाठी ब्लाइदबरोचं होली ट्रिनिटी घ्या. इप्सविचहून ए-१२ रस्त्याने उत्तरेला गेलात की डाव्या हाताला, दलदलीच्या वर, गावाच्या मानाने अवाढव्य असं चर्च दिसतं. लोक त्याला दलदलीतलं कॅथेड्रल म्हणतात. गाव आज चिमुकलं आहे. पण पंधराव्या शतकात इथे बंदर होतं, व्यापार होता, शेजारी मठ होता, आणि त्या पैशातून हे उभं राहिलं. पुढे जहाजं मोठी झाली, नदी गाळाने भरली, बंदर गेलं. चर्च राहिलं.

बाहेरून भिंत जवळून बघा. सफोकमध्ये बांधकामाचा दगडच नाही. आहे ती शेतात सापडणारी गार, म्हणजे चकमकीची, बाहेरून पांढरट आणि फोडली की आतून काळीभोर, काचेसारखी. ती चुन्यात रचून भिंती उभ्या केल्या. कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी मात्र बाहेरून आणलेल्या चुनखडीच्या, कारण गारेला धारदार काटकोन देता येत नाही. पूर्वेच्या भिंतीच्या पायथ्याशी फोडलेली काळी गार आणि पांढरा दगड जडवून मोठमोठी अक्षरं काढलेली आहेत. त्यांचा अर्थ लावायच्या खटपटी अजून चालू आहेत.

आत गेलं की पहिल्यांदा उजेड अंगावर येतो. दोन्ही बाजूंना उंचावर अठरा-अठरा खिडक्यांची रांग आहे आणि जवळजवळ सगळ्यांत साधी काच. हा पांढरा उजेड मूळचा नाही. इथे रंगीत काचा होत्या. १६४४ च्या एप्रिलमध्ये विल्यम डाउसिंग नावाचा माणूस आला. तेव्हा राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध चालू होतं, आणि संसदेच्या बाजूच्या सेनापतीने त्याला चर्चमधली 'अंधश्रद्धेची' चित्रं आणि मूर्ती काढून टाकायला नेमलं होतं. केंब्रिजशायर आणि सफोक मिळून अडीचशेच्या वर चर्चेस त्याने पाहिली आणि कुठे काय फोडलं याची रोजनिशी ठेवली. त्या रोजनिशीत ब्लाइदबरोच्या नावे वीस देवदूत उतरवायचा हुकूम आहे.

तर आता मान वर करा. मी पहिल्यांदा गेले ते पावसामुळे. तासभर खाली सगळं बघितलं आणि निघाले. फुलं बदलायला आलेल्या एका आजींनी विचारलं, "छत पाहिलंस ना?" नव्हतं पाहिलं. छताच्या मध्यावर, लांबच लांब तुळईवर, लाकडाचे देवदूत पाठीला पाठ लावून पंख पसरून बसले आहेत. जुना रंगही छतावर अजून फिकट दिसतो. डाउसिंगचा हुकूम होता, पण एवढ्या उंच चढणार कोण? देवदूत वाचले ते उंचीमुळे, असं मला इंजिनियर म्हणून म्हणावंसं वाटतं. त्यांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले तेव्हा बरीच वर्षं सगळे म्हणायचे, डाउसिंगच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. पण छर्रे निघाले अठराव्या शतकातले. चर्चच्या हिशेबात बंदुकीची दारू आणि छर्ऱ्यांचा खर्च लिहिलेला आहे: छतात शिरलेल्या जॅकडॉ पक्ष्यांना, म्हणजे कावळ्याच्याच भाऊबंदांना, मारण्यासाठी. धर्मयुद्ध समजत होते ते, निघाला पाखरांचा बंदोबस्त.

बाकांच्या टोकांना हात लावून बघा. पंधराव्या शतकातल्या सुताराने तिथे माणसाची पापं कोरली आहेत. आळस पांघरूण घेऊन अंथरुणात पडलाय. खादाडपणा दोन्ही हातांनी पोट धरून बसलाय. लोभ पैशाच्या पेटीवर ठाण मांडून. आणि माझा आवडता, ढोंग: हात जोडलेले, पण डोळे टक्क उघडे. साडेपाचशे वर्षं लोक या मूर्तींना धरून उठतायत, बसतायत, त्यामुळे डोकी गुळगुळीत झाली आहेत. चान्सलमधल्या लाकडी आसनांपुढच्या फळीला दौतीची भोकं आहेत, कारण मध्यंतरी तिथे शाळा भरायची. एका डच पोराने तिथे आपलं नाव आणि १६६५ साल कोरून ठेवलंय. वय १२. बाकावर नाव कोरायची हौस जुनीच म्हणायची.

उत्तरेच्या दारावर काळे डाग दाखवतील. ४ ऑगस्ट १५७७ ला, रविवारची प्रार्थना चालू असताना वीज पडली, मनोऱ्यावरचा कळस कोसळला, एक माणूस आणि एक मुलगा दगावले. त्याच दिवशी बंगी गावातही असंच झालं, आणि दोन्हीकडे एक काळा राक्षसी कुत्रा आला होता अशी कथा झाली. डाग म्हणजे त्याच्या पंजांची खूण. ऐका आणि माना डोलवा. अशा जळक्या खुणा इथल्या खूप जुन्या लाकडांवर सापडतात, मेणबत्तीने केलेल्या. इथला घड्याळाचा लाकडी शिपाई, १६८२ चा, मात्र चुकवू नका. कुऱ्हाडीने घंटा हाणतो.

तिथून वेनहॅस्टन अगदी जवळ आहे, गाडीने पाच-सात मिनिटं. चर्च साधं आहे, पण आत भिंतीला एक रंगवलेला लाकडी तक्ता आहे: शेवटचा न्यायनिवाडा. याची कथा सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नेव्ह आणि चान्सलच्या मध्ये पूर्वी लाकडी जाळीदार पडदा असायचा, त्यावर सज्जा, आणि सज्ज्यावर क्रुसावरचा येशू, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला योहान, अशा मूर्ती. एडवर्ड सहाव्याच्या राज्यात मूर्ती गेल्या, १५६१ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या हुकुमाने सज्जे उतरवले. पण सज्ज्यावर चढायचा जिना भिंतीच्या जाडीत असल्यामुळे तो पाडणं परवडलं नाही. म्हणून आजही कित्येक चर्चमध्ये भिंतीत डोक्याच्या वर एक छोटं दार दिसतं, जे हवेत उघडतं. हे दार सापडलं की तुम्हाला जुनं चर्च वाचता येतंय असं समजा.

वेनहॅस्टनचा तक्ता त्या मूर्तींच्या मागे होता. त्यावर चुना फासला, वर बायबलमधली राजसत्तेपुढे मान तुकवा अशा अर्थाची वचनं लिहिली, आणि खाली काय आहे हे लोक विसरून गेले. १८९२ मध्ये दुरुस्ती चालू असताना मजुरांनी त्या फळ्या भंगार म्हणून दफनभूमीत टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन निघाला, आणि सकाळी फळ्यांवर चेहरे होते. आज समोर उभं राहिलं की मधोमध तीन कोऱ्या आकृत्या दिसतात. तिथे मूर्ती ठोकलेल्या होत्या, म्हणून मागे रंगच दिला नव्हता. मूर्ती पावणेपाचशे वर्षांपूर्वी गेल्या, त्यांची सावली राहिली. डावीकडे स्वर्गाच्या दाराशी उघडीनागडी माणसं उभी आहेत, फक्त डोक्यावर ज्याचा त्याचा हुद्दा: राजाचा मुकुट, बिशपची टोपी. उजवीकडे नरक म्हणजे जबडा वासलेला अजस्र मासा. मध्ये देवदूत तराजूत आत्मा तोलतोय.

आणखी एक छोटी गोष्ट, जी आईने मला समजावली. वेदीच्या उजवीकडच्या भिंतीत कोनाडा असतो आणि त्यात मध्ये भोक असलेली दगडी बशी. नाव पिसिना. मी गाइडबुकातून वाचून दाखवलं की मिस्सानंतर, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेनंतर, पवित्र प्याले धुतलेलं पाणी यात ओतायचे, आणि ते नळीने थेट जमिनीत जायचं. आई म्हणाली, "बरोबर आहे, तीर्थ पायाखाली येऊ नये म्हणून." झालं. त्यावर मला काही भर घालायची नाही.

चर्चमध्ये जुनी पेटी दिसली तर तिची कुलपं मोजा. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक गावाला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली. ती वही पेटीत ठेवायची, आणि पुढे १६०३ च्या नियमाप्रमाणे पेटीला तीन कुलपं: एक किल्ली पाद्र्याकडे, दोन गावाच्या दोन वॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांकडे. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आपल्या सहकारी सोसायट्यांना कोणीतरी हे सुचवायला हवं.

संध्याकाळी मनोऱ्यात घंटांचा सराव चालू असला तर थांबा. चिमाजीअप्पांच्या वसईच्या स्वारीतून आलेली घंटा मेणवलीला पाहिली असेल, ती टांगून ठेवलेली. इथली घंटा चाकाला बांधलेली असते आणि पूर्ण गरकन फिरते, म्हणून दोरीवरच्या माणसाला मनात येईल तेव्हा वाजवता येत नाही, फक्त थोडं लवकर किंवा थोडं उशिरा. त्यामुळे गाण्याची चाल वाजत नाही. घंटांचा क्रम बदलत जायचा, एकही क्रम दोनदा येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे ७२० क्रम, सातांचे ५०४०, आणि ते वाजवायला तीन तास लागतात. १९६३ मध्ये लफबरोला आठ घंटांचे सगळे ४०३२० क्रम सलग वाजवले, जवळजवळ अठरा तास. हे वाजवणारे शेजारचे प्लंबर आणि शिक्षक असतात आणि विचारलं तर वर नेऊन दाखवतात. जिना अरुंद आणि गोल असतो. गुडघे दुखत असतील तर नको.

सामानात नवं तेवढं टाकाऊ, असं मात्र समजू नका. गुडघे टेकायच्या उशा गावातल्या बायकांनी लोकरीने भरलेल्या असतात. एकीवर ट्रॅक्टर, एकीवर कोणाची तरी मांजर. मागच्या कोपऱ्यात चहाची किटली, जुनी पुस्तकं पन्नास पेन्सला, आणि कार्ड टेकवून दान द्यायचं यंत्र. छतावरचं शिसं चोरीला जातं आणि ते परत घालायचा खर्च गावाच्याच डोक्यावर असतो, तेव्हा दोन-तीन पौंड टाका.

निघताना पोर्चमधलं तारेच्या जाळीचं दार ओढून घ्यायला विसरू नका. त्यावर पाटी असतेच: दार लावा, पाखरं आत येतात.