मधे काय घालू?

प्रश्न: दादा, मी हर्णैची. माझ्या गोष्टीतला मुलगा वडिलांचं न ऐकता बँकेचं कर्ज काढून बोट घेतो आणि शेवटी ती विकावी लागते. सुरुवात जमली, शेवट तर समोरच दिसतोय, पण मधे पानंच्या पानं समुद्राचं वर्णनच होतंय आणि गोष्ट काही हलत नाही. काय करू?

उत्तर: अगं, मधला भाग तुझ्या गावच्या कॅलेंडरातच आहे की! 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे 61 दिवस बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली, कमाई शून्य, आणि बँकेचा हप्ता काही बंदी पाळत नाही. त्यात पुढच्या सीझनसाठी खलाशांना आगाऊ पैसे द्यायचे, नाहीतर ते दुसऱ्याच्या बोटीवर जाणार. आता पोरगा पैसे आणणार कुठून? तो जे करेल तीच तुझी मधली पानं.

समज, बोटीला विरोध करणाऱ्या बापानेच गुपचूप घरची हापूसची कलमं कराराने व्यापाऱ्याला दिली, आणि पैसे आईच्या हातून पोराला पोचवले. नारळी पौर्णिमा झाली, बोट पाण्यात गेली, मासळी चांगली लागली, पोरगा संध्याकाळी हर्णैच्या लिलावात छाती काढून उभा, बैलगाडीतून टोपल्या उतरतायत, आणि तिथेच तो व्यापारी सहज बोलून जातो, "चला, बापाच्या कलमांचं सोनं केलंस." झालं! ज्या दिवशी जिंकला त्याच दिवशी कळलं की आपण बापाच्या पैशावर उभे आहोत.

नाट्यशास्त्रात पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, आहेत ना, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण, त्यातला गर्भ नेमका हाच. हवं ते हाताशी येतं, निसटतं, परत शोधायला लागतं. मला तरी परदेशी आराखड्यांपेक्षा हे जास्त उपयोगी वाटतं, पण ते माझं मत.

मग कलमं लवकर सोडवायच्या नादात पोरगा रात्री मासे ओढायला एलईडी लाइट लावून मासेमारीला जाईल, जी 2017 पासून बंद आहे हे त्याला पक्कं माहीत असून. बोट पकडली, दंड बसला, हप्ते थकले, आणि आता ती विकण्याशिवाय दुसरं काही उरत नाही. तुझ्या शेवटाला असं कारण हवंय, नाहीतर "नशीब फुटलं आणि बोट विकली" एवढंच उरतं, त्याला कोण विचारतो.

प्रत्येक प्रसंग लिहून झाला की बघ, दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा काहीच झालं नाही असं वागू शकतो का. वागू शकत असेल तर तो प्रसंग काढ, कितीही छान लिहिलेला असला तरी. हे करताना जीव जातो, माहितीये.

आणि ती समुद्राची पानं फाडू नकोस गं. पोरगा पहिल्यांदा दुसऱ्यांच्या लाइटच्या बोटी लांबून बघतो ना, तिथे एक पान वापर, बाकीची राहू देत दुसऱ्या गोष्टीला.