क्रिप्टो एक्स्चेंजवर काय ठेवावं आणि किती दिवस?

प्रश्न असा आहे: दोन लाख रुपयांचं बिटकॉइन आणि इथेरियम घ्यायचं आहे, पण वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवरच्या) चोरीचं प्रकरण ऐकून धास्ती वाटते. भारतीय एक्स्चेंजवर भरवसा ठेवावा का? आणि घेतलेलं तिथेच राहू द्यावं की स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे स्वतःच्या ताब्यातल्या क्रिप्टोच्या पाकिटात, काढावं?

खरेदी-विक्रीपुरता भरवसा ठेवायला हरकत नाही. साठवणीसाठी ठेवू नका. दोन लाख ही काही छोटी रक्कम नाही, म्हणून कारणं आणि करायच्या गोष्टी सविस्तर सांगतो.

ॲपमध्ये तुम्हाला ०.०२ बीटीसी (बिटकॉइन) दिसतं, ती एक्स्चेंजच्या संगणकावरची खातेवहीतली नोंद असते. ब्लॉकचेनवर, म्हणजे कॉइनच्या सार्वजनिक खातेवहीत, तुमच्या नावाचं काहीही नसतं. सगळ्या ग्राहकांचे कॉइन कंपनीच्या मोठ्या वॉलेटमध्ये एकत्र पडलेले असतात आणि किल्ल्या (कॉइन हलवण्याचे गुप्त संकेत) कंपनीकडे असतात. तुम्ही ॲपवर खरेदी करता तेव्हा एका खात्यातला आकडा कमी होतो, दुसऱ्यातला वाढतो, एवढंच. म्हणजे व्यवहारात तुम्ही कंपनीचे धनको झालात. पतसंस्थेत ठेव ठेवण्यासारखंच हे आहे. पीएमसी बँक २०१९ मध्ये अडचणीत आली तेव्हा निदान रिझर्व्ह बँक होती आणि ठेव विमा संरक्षण होतं, तेव्हा एक लाखापर्यंतचं, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतचं. क्रिप्टोला तसं कुठलंही विमा कवच नाही.

आता वझीरएक्स. १८ जुलै २०२४ रोजी त्यांच्या एका मल्टिसिग (एकाहून अधिक सह्या लागणाऱ्या) वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन गेले. ग्राहकांच्या क्रिप्टोपैकी जवळपास ४५ टक्के. त्या वॉलेटला सहा सह्या करणारे होते: पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या कस्टडी (क्रिप्टो सांभाळणाऱ्या) कंपनीचा. वझीरएक्सच्या तिघांनी सही करायची, मग लिमिनलने मंजुरी द्यायची, अशी पद्धत. एवढे पहारे असूनही पैसे गेले, कारण वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही होत होती दुसऱ्यावरच. लिमिनलने आपल्याकडची चूक नाकारली. ग्राहकांना क्रिप्टो काढण्यासाठी ऑक्टोबर २०२५ पर्यंत, म्हणजे पंधरा महिने, थांबावं लागलं. प्रकरण चाललं सिंगापूरच्या हायकोर्टात, कारण वझीरएक्समागची कंपनी तिथली होती.

याच्याशेजारी बायबिट या परदेशी एक्स्चेंजचं प्रकरण ठेवून बघा. २१ फेब्रुवारी २०२५ ला तिथून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथेरियम गेलं, वझीरएक्सच्या सहापट. चोरीची तऱ्हाही जवळपास तीच: पडद्यावर साधा व्यवहार, प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर. तरी ग्राहकांचे पैसे काढणं बंद झालं नाही. कंपनीने कर्ज काढून, बाजारातून विकत घेऊन दोन-तीन दिवसांत खड्डा भरला. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले, तो तोटाही कंपनीने स्वतःच्या तिजोरीतून सोसला.

म्हणून "इथे चोरी होईल का" या प्रश्नात फार अडकू नका. ती कुठेही होऊ शकते. चोरी झाल्यावर भरून द्यायला कंपनीच्या गाठीशी काही आहे का आणि भरून देणं तिच्यावर बंधनकारक आहे का, हे बघायचं.

ते बघायचं कसं? एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळल्यापासून बरीच एक्स्चेंज "प्रूफ ऑफ रिझर्व्ह" (साठ्याचा पुरावा) छापतात. ते वाचताना दोन आकडे शोधा: कंपनीकडे असलेले कॉइन आणि ग्राहकांचं देणं. नुसता पहिला आकडा असेल तर त्या कागदाला फारशी किंमत देऊ नका. शंभर कोटींची मालमत्ता दाखवणाऱ्याचं देणं दीडशे कोटी असू शकतं, आणि मोजणीच्या दिवसापुरते कॉइन उसने आणणंही अशक्य नाही. दोन्ही आकडे असतील, मोजणी नियमित होत असेल आणि तुमच्या खात्याची नोंद त्या मोजणीत आहे की नाही हे तुम्हाला स्वतःला तपासता येत असेल, तर ते काही कामाचं.

दुसरं, वापराच्या अटी उघडा. कंटाळवाणं काम आहे, पण वीस मिनिटांत होतं. तीन गोष्टी शोधा: करार नेमका कोणत्या कंपनीशी होतोय आणि ती कुठल्या देशातली, वाद झाला तर कुठलं कोर्ट, आणि कॉइनची मालकी कोणाकडे. "अर्न", "लेंड", व्याज मिळणारं खातं अशा सोयींमध्ये मालकी कंपनीकडे जाते असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असू शकतं. अमेरिकेत सेल्सियस ही क्रिप्टोवर व्याज देणारी कंपनी बुडाली तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं: अर्न खात्यांतले कॉइन कंपनीचे, ग्राहक फक्त धनकोंच्या रांगेत. आपल्याकडे मद्रास हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या अर्जावर क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून धरता येते असं म्हटलं. दिलासा देणारा निकाल आहे, पण तो मिळवायला कोर्टात जावं लागलं. व्याजाचं बटण दाबूच नका.

तिसरं, एफआययू-इंड या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी. मार्च २०२३ पासून क्रिप्टो व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि पुढे त्यांच्या वेबसाइट रोखल्या गेल्या. त्यांपैकी बायनान्सने पुढे नोंदणी केली आणि १८.८२ कोटींचा दंडही तिला झाला. नोंदणी नसलेल्या ठिकाणी जाऊ नका. मात्र या नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्या. काळा पैसा पकडण्यासाठी कंपनी माहिती देते, एवढंच त्यातून कळतं. तुमचे पैसे सुरक्षित आहेत असा शिक्का तो नाही. जाहिरातीत मात्र तो तसा मिरवला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

एवढं बघून एक्स्चेंज ठरलं की दोन लाख टाकण्याआधी दोन-तीन हजारांची फेरी मारा. बँकेतून पैसे टाका, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) घ्या, थोडे बाहेर वॉलेटमध्ये पाठवा, उरलेले विकून रुपये बँकेत परत आणा. प्रत्येक टप्प्याला किती वेळ आणि किती शुल्क लागलं ते लिहून ठेवा. आत येणं सगळीकडे सोपं असतं, बाहेर पडताना खरी परीक्षा होते. काही ॲपवर कित्येक कॉइन बाहेर पाठवण्याची सोयच नसते. असं कॉइन तिथे घेऊ नका.

बाहेर पाठवताना चुका होतात त्या बहुतेक नेटवर्क, म्हणजे कुठल्या ब्लॉकचेनवरून पाठवायचं ते, निवडताना. यूएसडीटी इथेरियमवरही असतो, ट्रॉनवरही आणि बीएनबी चेनवरही. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सने, बिटकॉइनचा १, ३ किंवा बीसी१ ने. घोळ होतो तो इथेरियम आणि बीएनबी चेनचा, कारण दोन्हींचे पत्ते दिसायला सारखेच. स्वतःच्या वॉलेटमध्ये चुकीच्या चेनवर आलं तर ते नेटवर्क जोडून बहुधा सापडतं. पण दुसऱ्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर, त्यांना न चालणाऱ्या चेनवर पाठवलं तर त्यांच्या मर्जीवर. एक्सआरपी किंवा स्टेलर एक्स्चेंजवर पाठवताना टॅग किंवा मेमो (खातं ओळखायचा जोडक्रमांक) राहिला तर रक्कम पोचते, पण कोणाच्या खात्यात टाकायची हे त्यांना कळत नाही.

पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळवा, मधलीही काही बघा. फोनमध्ये शिरलेला व्हायरस कॉपी केलेला पत्ता बदलू शकतो. शिवाय तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता तयार करून त्यावरून किरकोळ रक्कम पाठवणारे भामटे असतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून त्यांचाच पत्ता उचलाल. आधी छोटी रक्कम पाठवा, पोचली की बाकीची.

"प्रोसेसिंग" लिहून व्यवहार अडकला तर व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा ओळख क्रमांक) मिळालाय का ते बघा. हॅश आहे आणि एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) व्यवहार दिसतोय, तर तो नेटवर्कवर आहे. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांची नवी नोंद, साधारण दहा मिनिटांनी येतो, थांबा. दिवसभर उलटूनही हॅशच नाही, तर कॉइन एक्स्चेंजच्या दारातून बाहेरच पडलेलं नाही. मग तक्रार तिथेच करायची.

वॉलेटबद्दल थोडक्यात. दोन लाखांसाठी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारं छोटं यंत्र, घ्या, काही हजारांत येतं, पण कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच. डब्यात वॉलेट परत मिळवण्याचे शब्द आधीच लिहिलेले निघाले तर ते वापरू नका, परत करा. १२ ते २४ शब्द यंत्र स्वतः तयार करतं; ते कागदावर लिहायचे, फोटो नाही, गूगल ड्राइव्ह नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवायचे नाहीत. लिहून झाल्यावर, पैसे टाकण्याआधी, यंत्र पुसून त्या शब्दांवरून वॉलेट परत उभं करून बघा. हे शब्द पाहणारा कोणीही मालक होतो. पुण्यात गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या तज्ज्ञांनाच, आरोपींचे कॉइन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली होती. त्यामुळे "रिकव्हरी करून देतो" म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका. कागद कुठे आहे हे घरातल्या एका भरवशाच्या माणसाला मात्र माहीत हवं, कारण अशा वॉलेटला बँकेसारखं नॉमिनेशन नसतं.

ज्यांना हे सगळं झेपणार नाही त्यांनी शब्द हरवण्यापेक्षा रक्कम दोन एक्स्चेंजवर विभागून ठेवलेली बरी. लॉगिनला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा आणि ठरावीक पत्त्यांवरच पैसे जातील अशी व्हाइटलिस्ट चालू करा.

रोज खरेदी-विक्री करायची असेल तर आधी कराचं गणित करा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बिटकॉइनमध्ये ४०,००० कमावले, इथेरियममध्ये ४०,००० घालवले, हातात शून्य, तरी कर १२,४८० रुपये. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. भाव जागचा हलला नाही असं धरलं तरी दोन लाखांची रक्कम वीस वेळा विकून पुन्हा गुंतवल्यावर हातात सुमारे १ लाख ६४ हजारच उरतात, शुल्क वेगळंच. टीडीएस विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर भांडवल अडकतं. घेऊन ठेवणाऱ्याला हे जाचत नाही, ट्रेडिंगवाल्याला मात्र यातच धाप लागते.

टीडीएस वाचवायला लोक पी२पीकडे, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाशी सौदा करण्याकडे, वळतात. ते करू नका. पी२पीत यूएसडीटी विकल्यावर अनोळखी माणसाच्या खात्यातून रुपये येतात. तो पैसा कुठल्या तरी सायबर फसवणुकीतल्या बळीचा असला आणि त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, की पैसा जिथे जिथे गेला त्या प्रत्येक खात्यावर, तुमच्याही, लियन लागतो, म्हणजे रक्कम अडवली जाते. मग परराज्यातल्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार सुरू. झालंच असं, तर बँकेकडून तक्रार क्रमांक, अडवलेली रक्कम आणि तपास अधिकाऱ्याचा ईमेल लेखी घ्या. ऑर्डरचा तपशील, चॅट, यूएसडीटी गेल्याचा हॅश आणि बँक स्टेटमेंट त्यांना पाठवा, आणि अख्खं खातं न गोठवता वादातल्या रकमेपुरताच लियन ठेवण्याची विनंती बँक आणि पोलीस दोघांकडे करा. पगाराचं खातं यात कधीच गुंतवू नका.

एक्स्चेंज डबघाईला येताना काही खुणा दिसतात. एखाद्या कॉइनचं बाहेर पाठवणं "देखभालीसाठी" दिवसेंदिवस बंद राहतं. आणि तिथला भाव बाकी बाजारापासून फाटतो. टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजवर २०१३ मध्ये डॉलर काढणं रखडलं तेव्हा बिटकॉइन तिथे महाग झालं, कारण बाहेर पडायला तेवढाच मार्ग उरला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये बिटकॉइनही बंद केलं, तसा तिथला भाव बाजाराच्या कितीतरी खाली कोसळला. त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि लोकांना बिटकॉइन परत मिळायला सुरुवात व्हायला जुलै २०२४ उजाडला. थोडाफार फरक भारतात नेहमीचाच. तो अचानक वाढला की आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

टेलिग्रामवरून कोणी सुचवलेलं ॲप असेल तर हे सगळं तपासायचीही गरज नाही, ते काढून टाका. तिथे सुरुवातीला दोन-चार हजार परत मिळतात, आणि मोठी रक्कम काढायला गेलात की "आधी कर भरा" म्हणतात. खरा टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो, वेगळा मागितला जात नाही.

शेवटची गोष्ट नोंदींची. दर महिन्याला व्यवहारांचा अहवाल आणि शिल्लक उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा. एफटीएक्सच्या ग्राहकांचे दावे ११ नोव्हेंबर २०२२ च्या भावाने धरले गेले, त्यानंतर बिटकॉइन कितीही चढलं तरी. असा दावा करायची वेळ आली तर त्या तारखेला तुमच्या खात्यात काय होतं हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा, कारण तोपर्यंत ॲप उघडतच असेल याची खात्री नसते.