कामगाराच्या घरात वाढलोय, ओळखी नाहीत, भाषण येत नाही. वस्तीतले लोक माझं ऐकतील का?

ऐकतील. पण भाषणामुळे नाही ऐकणार. मला तर आजही माइक हातात आला की घाम फुटतो.

माझंच सांगतो. बाबा कारखान्यात टर्नर, दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, नाइट असली की दिवसभर घरात कुजबुजत बोलायचं, खोली एकच. बाबांना सही यायची तेवढीच. कुठलाही फॉर्म समोर आला की ते आधी हात पँटला पुसायचे, फॉर्म उलटसुलट करून बघायचे आणि मग माझ्याकडे सरकवायचे. सातवीत होतो मी. हळूहळू शेजारचे पण यायला लागले, कुणाला कामावरून काढल्याची नोटीस, कुणाच्या पोराचं ॲडमिशन, कुणाचं हॉस्पिटलचं बिल. राग यायचा खरं तर, बाकीची पोरं खेळतायत आणि मी रकाने भरतोय. पण त्यात एक झालं, कुणाच्या घरात काय दुखतंय हे मला भागातल्या पुढाऱ्यांच्या आधी कळायला लागलं.

मग एकदा गल्लीचं पाणी बंद झालं. तीसेक जण ऑफिसात गेलो, आरडाओरडा केला, साहेबांनी शांतपणे विचारलं, लेखी तक्रार कुठाय? कुणाकडेच नव्हती. गप परत आलो. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला, दोन प्रती, एक त्यांना आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊन आमच्याकडे. महिन्याने पुन्हा गेलो तर साहेब म्हणतात आमच्याकडे काही आलेलंच नाही. मी ती प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, शिक्का बघितला, कागद पलटून मागची कोरी बाजूपण बघितली (तिथे काय असणार होतं देव जाणे) आणि शिपायाला म्हणाले, जरा रजिस्टर आण. पाणी यायला त्यानंतरही चार महिने गेले, पण त्या दिवसापासून लोक मला विचारायला लागले की आता पुढे काय करायचं.

सह्या आणि अर्ज याला लोक हसतात. मुंबईचे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं होतं, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. सुट्टी मिळाली 1890 ला. सहा वर्षं! आपण दोन महिन्यांत कंटाळतो. ब्राझीलच्या लुलांचं पण तसंच, लेथवर काम करणारा माणूस, कारखान्यात डाव्या हाताची करंगळी गेली, 1975 ला युनियनचे अध्यक्ष आणि 2003 ला देशाचे अध्यक्ष, हे सगळे सांगतात, पण मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तीनदा हरले ते कुणी सांगत नाही.

आता माझ्या चुका. सुरुवातीला मीटिंग मला सोयीची म्हणून संध्याकाळी सातला ठेवायचो आणि लोक येत नाहीत म्हणून चिडायचो. एक मावशी तोंडावर म्हणाल्या, तुझ्या मीटिंगसाठी मी खाडा करू का, पगार तू देणार का? सेकंड शिफ्टवाल्या होत्या त्या, आणि निम्मी वस्ती शिफ्टमध्ये. शिफ्टवाल्याच्या घरात वाढलेल्या माझ्या हे डोक्यात येऊ नये! मग सुट्टीच्या दिवशी ठेवली, घड्याळ लावून चाळीस मिनिटं, लहान पोरं आणली तरी चालतील.

दुसरी चूक पैशाची. वर्गणी घरच्या डब्यात ठेवली होती, आई आजारी पडली तेव्हा त्यातले काढले, आठवड्यात परत टाकलेही, पण कुणीतरी बघितलं होतं आणि वर्षभर मला ऐकावं लागलं. चुकीचं बोलत होते असंही नाही. आता पैसे दुसऱ्याकडे, हिशोब तिसऱ्याकडे, आणि दर महिन्याला कागद भिंतीवर.

पद देतो म्हणून पण लोक येतील तुमच्याकडे, थोडं नाव झालं की येतातच. मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, आमचा एक लीडर होता, बोलणीला चालत जायचा तोवर ठीक होतं, एक दिवस मालकाच्या गाडीतून परत आला. पुढे काही बोललेच नाहीत, भाकरी मोडत बसले. मी पद घेतलं नाही, तुम्ही घ्यायचं की नाही ते तुम्ही बघा, घेऊन चांगलं काम करणारेही बघितलेत मी.

सध्या अर्ज मी लिहीतच नाही, गल्लीतली एक बारावीची मुलगी लिहिते, रजिस्टर पण तिच्याकडेच. गेल्या महिन्यात मी घाईत शिक्का न घेताच परत आलो तर तिने मला उन्हातान्हाचं परत पाठवलं.