घरमालकांना प्लग दिसायला नको असतील तर
स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर एकही प्लग दिसायला नको असं घरमालक म्हणाले, तर लगेच नकार देऊ नकोस. पॉइंट कमी करायचे नाहीत, त्यांची जागा बदलायची. वरच्या कपाटांच्या तळाला, दर्शनी पट्टीमागे सॉकेट बसतात आणि समोरून दिसत नाहीत. फक्त वायर शेगडीवर लोंबणार नाही एवढं बघ. बिल्ट-इन ओव्हनचा प्लग त्याच्या मागे नको, शेजारच्या कपाटात दे. बिघाड झाल्यावर हात पोचला पाहिजे. केटल आणि टोस्टर ओव्हन, दोन्ही 2000 वॅटचे असले, तर 230 व्होल्टला मिळून साधारण साडेसतरा अँपिअर ओढतात. एकाच 16 अँपिअरच्या सर्किटवर दिलेस तर त्याच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार येईल, म्हणून सर्किटं वेगळी कर. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडून शॉकपासून वाचवणाऱ्या स्विचवर, मात्र अजिबात तडजोड नाही.